ओल्या कौलावरचं पाऊल

खाडीकाठच्या जुन्या कौलांच्या कारखान्यात आता गोदाम आणि ऑफिस होत होतं. तिथल्या इंजिनीअरचा, म्हणजे आपल्या लेकीचा, डबा घेऊन आलेली सुभद्रा छपरावरून उतरवलेल्या कौलांपाशी थबकली. एका कौलात लहान पाऊल उमटलेलं, करंगळी बाहेर वळलेली. तिचंच. आई इथे कामाला असताना लहानगी सुभद्रा वाळत घातलेल्या ओल्या कौलांवरून धावली होती. मुकादमाने आईला फैलावर घेऊन ती सगळी कौलं मोडायला लावली. त्यातलं एक आईने गुपचूप भट्टीत सरकवलं होतं तर. सुभद्राने ते पदराने पुसून लेकीला दाखवलं, सगळं सांगितलं. मग ती ओल्या सिमेंटच्या पायरीला वळसा घालून निघाली. लेकीने हात धरला. “आये, चप्पल काढ. हंय ठेव पाय.” “मुकादम ओरडतलो गो.” “आता मुकादम मीच आसंय.” सुभद्राने साडी उचलून पाय टेकवला. करंगळी बाहेरच उमटली.