येणाऱ्यांचा मेंढा

"ही धर," म्हणत मेदेरनं वाळल्या दह्याची गोळी डावीकडच्या वाडग्यात टाकली. "झाड नाही. अख्ख्या मुर्गाबात सावलीपुरतं एक झाड नाही."

"डास तरी कुठं आहेत?" बुरूलनं उजवीकडच्या वाडग्यात गोळी टाकली.

डावा वाडगा वाइटाचा, उजवा चांगल्याचा. ही युक्ती बुरूलचीच. मुलगा डोंगराखालच्या ओश शहरातून मित्राचा ट्रक बारा तास हाकत आईला न्यायला आला होता, आणि आल्यापासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं. शेवटी तिनं गोळ्यांची पिशवी पुढ्यात ओढली. म्हणाली, "घसा कशाला कोरडा करतोस? मोजूनच टाकू. तू जिंकलास तर माझा शब्द आहे, तू राहशील तिथं मी राहीन."

मेदेरला आणखी काय हवं होतं? बाप गेल्यापासून सहा हिवाळे आई इथं एकटीनं काढत होती. गेल्या थंडीत ती विहिरीपाशी बर्फावरून घसरून पडली, ते त्याला दहा दिवसांनी कळलं. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

"उणे चाळीस थंडी." गोळी. "जळणाला झुडपं मुळासकट उपटून आणायची, तीही आता दिवसभराच्या वाटेवर." गोळी. "वीज म्हणजे पाहुणी. बटाटा रुजत नाही. चार पावलांत दम लागतो."

"दम तुला लागतो, मला नाही."

"वारा! डोळ्यात, कानात, चहात सगळीकडे वाळू."

"वारा आहे म्हणून धूर नाही. तिकडे माणसं हिवाळाभर खोकतात म्हणे."

मेदेरनं घाईघाईनं पुढची गोळी उचलली. "दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही."

"इथं मांस महिनाभर टिकतं. दाराला कुलूप कुणी लावत नाही." बुरूलनं दोन गोळ्या टाकल्या आणि मध्येच सुनेबद्दल विचारलं, "कानिशाय अजून बाजारात चपलाच विकते?"

"विकते. एवढी शिकली, पण ओशला नोकऱ्या काय रस्त्यावर पडल्यात?"

बुरूलनं उजवीकडे आणखी एक गोळी टाकली.

"ही कशाची?"

"असू दे. टाकली."

मोजणी झाली. एकोणीसला अकरा. मेदेरनं मांडीवर थाप मारली. लहानपणी कुस्तीत पोरांना लोळवलं की मारायचा, तश्शी.

"हरले बाई," बुरूल म्हणाली. हरलेल्या बाईचा चेहरा असा नसतो, पण जिंकलेल्या माणसाला समोरचा चेहरा दिसतो कुठं?

"पण दोन दिवस थांब," ती म्हणाली. "पलीकडच्या दोन खोल्या मी एका बिऱ्हाडाला दिल्यात. परवा येतायत. भिंतींना चुना काढ, चूल घरात धूर सोडतेय ती नीट कर. येणाऱ्यांना घर स्वच्छ मिळायला हवं."

"कुठले आहेत?"

"खालचेच. बाईला इथल्या शाळेत मास्तरणीची नोकरी मिळालीय. वर्षभर गणिताला कुणी नव्हतं, हेडमास्तर नुसते नाचतायत."

"आणि तिचा नवरा? तो काय खुळा आहे, चांगलं खालचं सोडून इथं यायला?"

"कष्टाळू आहे. जरा हेकट."

"खुळा म्हण की!"

"तू म्हणतोस तर खुळा."

निघताना बायकोनं बजावलं होतं, आईंशी वाद घालू नका, त्या सांगतील ते करा. त्यामुळे मेदेरनं बाह्या वर केल्या. दोन दिवस तो चुना काढत होता आणि त्या अनोळखी नवऱ्याची मनापासून कीव करत होता. बिचाऱ्याला पहिल्या हिवाळ्यात कळेल. तरी चूल मात्र त्यानं अशी बसवली, की धुराचा कण आत येऊ नये. काम अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

नव्या बिऱ्हाडाची चूल पहिल्या दिवशी पेटत नाही. शेजारी मेंढा कापतात, आणि सगळी आळी एका पंगतीला बसते. ही रीत मोडणाऱ्याला मुर्गाबात कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. मेंढा मेदेरनंच कापला. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. सगळ्यांचे चेहरे उजळलेले होते. आई उद्या कायमची चाललीय आणि हे लोक हसतायत काय, याचं मेदेरला जरा वाईटच वाटलं.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

"आशीर्वाद तू दे," आळीतले सगळ्यात वडीलधारे तुर्दू आबा म्हणाले. "माझा घसा बसलाय. आणि मेंढा तू कापलायस. फक्त जपून बोल बाबा, दिलेला आशीर्वाद माघारी घेता येत नाही."

"मी कशाला माघारी घेईन?" मेदेरनं दोन्ही तळहात वर धरले. "येणाऱ्यांचे पाय इथं रुजोत! इथली हवा त्यांच्या छातीत भरो! त्यांची पोरंबाळं याकच्या वासरांसारखी धष्टपुष्ट होवोत! बाई शाळेत नाव काढो, आणि तिच्या त्या हेकट नवऱ्याच्या डोक्यात उजेड पडो!" घर खदखदून हसलं. मेदेरला आणखी जोर चढला. "त्यांना या उंबऱ्यावरून कुणी कधी खाली न नेवो!"

"ओमिन!" सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सगळ्यात मोठा आवाज बुरूलचा होता.

मेदेरची छाती फुगली. इतकं छान तो जन्मात बोलला नव्हता. आणि त्याच क्षणी त्याला त्या बिऱ्हाडाचा चक्क हेवा वाटला. ओशला चौदा वर्षांत त्यानं पाच भाड्याच्या खोल्या बदलल्या; नवा आलास म्हणून कुणी कधी साधा चहा विचारला नव्हता.

दार उघडलं. आधी गादीची वळकटी आत आली, मग पुस्तकांचं खोकं, आणि खोकं धरणाऱ्या बाईच्या हाताखालून एक सहा वर्षांची पोर सुटली ती थेट मेदेरच्या गळ्यात येऊन पडली.

"बाबा, आपलं घर रंगवून झालं का? आई म्हणाली, त्यासाठीच तुम्ही पुढे आलात."