सावलीशी सामना

"माझी सावली काढा, सर," सोनल घोरपडे म्हणाली.

बास्केटबॉल निवड समितीचे करंदीकर हसले. दहा वर्षांपूर्वी बँकॉकच्या एका आंतरराष्ट्रीय सामन्याच्या चित्रणावरून, खेळाडूचं भविष्य दाखवणाऱ्या यंत्राने सोळा वर्षांच्या सोनलची सव्विसाव्या वर्षीची सावली बनवली होती: सुटलेली, धापा टाकणारी. तेवढ्यावर त्यांनी तिला संघातून काढलं होतं. "मोठी झालीस की हरव हिला, मग घेतो संघात," असं सगळ्यांसमोर सुनावलंही होतं.

आज सोनल सव्वीस वर्षांची होती.

करंदीकरांनी बटण दाबलं. मैदानात उजेडाची ती जड बाई उभी राहिली. सोनलने तिला डावीकडे झुलवलं, उजवीकडून निसटली आणि बास्केट केली. मग पुन्हा. मग पुन्हा. शेवटची तर रिंगकडे न बघता, करंदीकरांच्या डोळ्यांत बघत.

"शाबास," ते घाम पुसत म्हणाले. "चुकलंच माझं. उद्यापासून सरावाला ये."

"शाबासकी ठेवा तुमच्याजवळ. आधी दार उघडा."

बाहेर पायऱ्यांवर बायका बुटांच्या नाड्या आवळत बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर मूल होतं. प्रत्येकीची सावली काढून करंदीकरांनीच तिला संघाबाहेर ठेवलं होतं.

"घरी फोन करा, सर," सोनल म्हणाली. "जेवायला थांबू नका म्हणावं."