पोस्टरवरचं घर

एकेका कुटुंबाच्या बंगल्यांच्या वस्तीत दोन बिऱ्हाडांची घरं बांधायला अमेरिकेतल्या आमच्या ओरेगन राज्याच्या सरकारनं कायदा करून परवानगी दिली आणि आमच्या गल्लीतल्या ग्लेंडा मॅकरीडीचं डोकंच फिरलं. तीस वर्षांत शेजाऱ्याला कधी कपभर साखर न दिलेली ही बाई आता म्हणे शेजार वाचवायला निघाली! कायद्याच्या विरोधात दारोदार सह्या गोळा करत हिंडत होती.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. ग्लेंडानं भलंमोठं पोस्टर उंचावलं. त्यावर तिच्या समोरच्याच घराचा फोटो होता. पांढरा व्हरांडा, झोपाळा, दारात गुलाबांची कमान.

"याला म्हणतात घर! एक छप्पर, एक कुटुंब. दोन बिऱ्हाडं घुसली की ही शोभा संपलीच म्हणून समजा. भाडेकरू काय गुलाब लावणार आहेत?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्यावर मागच्या रांगेतून म्हातारा ऑर्व्हिल उठला.

"अगं ग्लेंडा, ते आमचं घर. मी वर राहतो, ही डोलोरेस खाली. दोघंही भाडेकरू. एका घरात एकच कुटुंब हा तुझा लाडका जुना नियम यायच्या आधीपासून तिथं दोन बिऱ्हाडंच आहेत. आणि गुलाब डोलोरेसनं लावलेत."

ग्लेंडानं पोस्टर स्वतःकडे वळवलं, चष्मा चढवला आणि फोटो नीट न्याहाळला.



"तरीच! तरी म्हटलं, हे घर बघितलं की मला कसंतरीच का होतं!"