चाळिसांची बराका

लव्हाळ्याच्या पेंढ्यांनी भरलेल्या पाच होड्या तळ्याकाठी लागल्या आणि ब्लाय काकांनी कपाळावर हात मारला.

"नेलो, हे काय बांधून ठेवलंस रे?"

समोर मातीच्या दोन भिंती होत्या आणि त्या काही केल्या संपत नव्हत्या. महिनाभर सारं गाव भातलावणीच्या चिखलात होतं. तळ्यापलीकडे नेलो एकटाच लग्नासाठी घर बांधतोय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बघायला सवड कुणालाच झाली नव्हती. आज शाकारणीला मात्र घरटी एक माणूस आला होता. आज नेलोचं छप्पर, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं.

"बराका बांधली, काका. तीस पावलं लांब, आठ रुंद."

तीन वर्षं मोरोक्कोत त्याने फौजेच्या बराकीच बांधल्या होत्या. हातांना आता दुसरं माप येतच नव्हतं, बिचाऱ्याच्या.

"अरे गाढवा, बराका म्हणजे नवरा-बायको, एक चूल अन् माळ्यावर कांदे! फौजेनं आपल्या झोपड्यांचं नाव उचललं आणि त्यात चाळीस-चाळीस जण कोंबले. तू तेच परत घेऊन आलास?"

हसून हसून लोकांच्या हातातल्या पेंढ्या गळल्या. हसला नाही तो फक्त नवरीचा, रेमेईचा बाप, सेंतो.

"लव्हाळा एका घरापुरताच आहे," तो म्हणाला. "आणि लग्न उद्यावर. डोक्यावर छप्पर नसेल तर पोरगी देणार नाही मी."

नेलोचा चेहरा पडला. त्याने कुदळ उचलली. "मोडतो भिंती."

"खबरदार!" रेमेई होडीतून उतरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, तशीच परत आली. "अर्धंच शाकारा."

"आणि उरलेलं अर्धं?" सेंतो गुरगुरला.

"उद्या गाव जेवायला कुठे बसणार आहे, बाबा? तुमच्या डोक्यावर?"

सेंतोने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पहिली पेंढी स्वतःच वर फेकली. दिवस कलता कलता ब्लाय काकांनी छपराच्या टोकाला लाकडी क्रूस ठोकला. क्रूस चढला की घर झालं.

दुसऱ्या दिवशी उघड्या अर्ध्यात भाताची भली मोठी कढई चढली. बदकाचं मांस, घेवडा, केशर. लाकडी चमचे घेऊन सारे तिच्याभोवती कोंडाळं करून बसले. दारूचा बुधला हातोहात फिरला. ब्लाय काका भिंतीला टेकून घोरू लागले आणि सेंतो विहिणीबरोबर असा नाचला की त्याचा एक जोडा तळ्यात गेला.

नेलो दारात उभा राहून बोटाने काहीतरी मोजत होता.

"काय मोजतोयस रे?" रेमेईने विचारलं.

"जुनी सवय. बरोबर चाळीस आहेत." तो मोठ्याने हसला. "आणि रांगेत एकही नाही!"