अकरा नंबरची जर्सी

“उठा कोणीतरी!” खेळाचे सर ओरडले.

बाकावरच्या सहाजणींपैकी एकही उठली नाही. व्हॉलीबॉलचा अंतिम सामना, शेवटचा सेट, अकरा-अकरा, आणि शाळेची कॅप्टन घोटा धरून कोर्टावर लोळत होती. पंचांनी घड्याळ पाहिलं आणि तीन बोटं दाखवली. तीन मिनिटांत बदली खेळाडू उतरवा, नाहीतर सामना गेला.

बदली खेळाडू कागदोपत्री सहा होत्या. त्यात मुख्याध्यापकांची भाची होती. डॉक्टरांच्या जुळ्या होत्या. दोघींना मिळून एक सर्व्हिस येत नव्हती. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांची नात होती, ती अकरा नंबर. स्पर्धेच्या यादीत नाव असलं की दहावीला खेळाचे जादा गुण मिळत, तेवढ्यासाठी ही मंडळी आली होती. कडक इस्त्रीच्या जर्स्या, गार पाण्याच्या बाटल्या. सकाळपासून एकीनेही चेंडूला हात लावला नव्हता. त्यांच्याकडे बघून सरांना शिसारी आली.

यादी मात्र सरांच्याच अक्षरात होती. अध्यक्ष चिठ्ठीवर नावं पाठवतात आणि आपली नोकरी अजून कायम व्हायची असते, तेव्हा माणसाचं अक्षर आपोआप सुबक येतं.

त्या चिठ्ठीपायी यादीतून गळलेली मुलगी बाकामागे चेंडूंची पिशवी धरून उभी होती. लांब पाय आणि सारख्या उड्या, म्हणून सगळे तिला टोळ म्हणत. वर्षभर सकाळी साडेसहाला मैदानावर सगळ्यांच्या आधी टोळ हजर. यंदा तिची दहावी, म्हणजे पुढच्या वर्षी शाळाच नव्हती. “चेंडू सांभाळायला तरी चल,” असं सर म्हणाले होते आणि ही वेडी आलीही होती.

सरांनी नातीकडे पाहिलं, मग टोळकडे. उंची सारखी. दोघींच्याही दोन वेण्या. लांबून दिसतो तो नंबर.

“जर्सी बदला,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “पळा!”

मुलींचं स्वच्छतागृह कोर्टाला लागूनच होतं. त्याला हे नाव ज्याने दिलं त्याला एकदा आत कोंडायला हवं होतं. फरशीवर काळं पाणी साचलेलं. दाराबाहेर नळ, आणि त्याच्या कठड्यावर केस चिकटलेला साबणाचा तुकडा. नातीने नाकाला रुमाल लावला आणि कशीबशी जर्सी काढून दिली. टोळचा विटका टी-शर्ट काही तिने घातला नाही. स्वतःचं जाकीट चढवून तिने गळ्यापर्यंत चेन ओढली.

“घामट करणार तू,” ती म्हणाली. “धुऊन दे हं परत. मला किळस येते.”

पुढचे चारही गुण शाळेला मिळाले. शेवटच्या गुणाला चेंडू उडून थेट बाकाकडे आला. टोळने त्याच्यामागे अंग झोकून दिलं आणि ती घसरत बाकाच्या पायापाशी गेली. वर बसलेल्या मुलींनी कपडे खराब होतील म्हणून पाय वर घेतले. टोळने मात्र जमिनीला टेकता टेकता चेंडू उचलला, आणि तो जाळीपलीकडे रिकाम्या जागी जाऊन पडला. सर लहान पोरासारखे नाचले. तेवढा वेळ त्यांना यादीची आठवण राहिली नाही.

अर्ध्या तासाने बक्षिसं सुरू झाली. सामन्याला न फिरकलेले अध्यक्ष बक्षिसांना बरोबर उगवले आणि व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले. टोळ तेव्हा नळावर पाणी पीत होती.

“सर्वोत्कृष्ट खेळाडू, अकरा नंबर!” माइकवरून आवाज आला. “राज्याच्या सराव शिबिरासाठीही यांचीच निवड झाली आहे.”

टोळने मान वर केली. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. मग माइकवरून अध्यक्षांच्या नातीचं नाव आलं. टोळने नळ बंद केला.

नात धावतच आली. “काढ लवकर! मला बोलावतायत, अंगावर नंबर दिसायला हवा. आजोबा बघ, उभे राहिलेत!” तिच्यामागून सरही आले.

“सर, पण शिबिर…” टोळ म्हणाली.

“ती कसली जातेय शिबिराला! आता तमाशा नको, दे तिला. तुला मी नवे बूट घेऊन देईन.” हे बोलताना सरांच्या तोंडात आंबट पाणी आलं. पण ते गिळून त्यांनी वाक्य पुरं केलं.

टोळ आत गेली आणि आपला टी-शर्ट घालून, जर्सी हातात घेऊन बाहेर आली. जर्सी मातीने माखली होती आणि पाठीवर घामाने चिकट झाली होती. नातीने हात पुढे केला. या वेळी नाकाला रुमाल नव्हता.

टोळने नळ पुरता सोडला आणि जर्सी खाली धरली.

“अगं ए, काय करतेस!”

“धुऊन देते. तूच म्हणालीस ना?” टोळने तो केसाळ साबण उचलला आणि अकरा आकड्यावर घासायला लागली.

माइकवर नाव दुसऱ्यांदा आलं. टाळ्या विरळ झाल्या. नात रडकुंडीला येऊन सरांकडे बघू लागली.

“पिळून दे,” सर म्हणाले. “ओली चालेल तिला.”

नाव तिसऱ्यांदा आलं. टोळने जर्सी उलटी केली आणि पुन्हा साबण लावला.

“आतली बाजू राहिलीय, सर.”