दांडीखालची खूण

सुनेने चौथा स्क्रू काढला आणि दांडी गिटारपासून सुटी झाली. दांडी जिथे धडात बसते त्या टाचेखाली पेन्सिलीचा छोटा गोल होता. पास केलेल्या तुकड्याची खूण. तिचीच.

"बघा," सासरे गिऱ्हाइकाला म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? चूक आमचीच. म्हणजे हिची."

गिऱ्हाईक गिटार वाजवणारा होता, आणि भर कार्यक्रमात त्याची फजिती झाली होती. दांडीला पीळ बसला होता. एक तार खरखरत होती, दुसरी कडेवरून घसरत होती. आतला लोखंडी गज आवळून झाला, सैल करून झाला. वाकलेली दांडी गजाने सरळ होते, पिळलेली होत नाही.

दांडी मात्र देखणी. मेपलच्या लाकडावर अंगभर आडव्या लहरी. जरा कलती केली की उजळ पट्टे काळे व्हायचे आणि काळे उजळ.

गिटारी बनवणाऱ्या या घरात लाकूड पारखायचं काम सुनेचं. खिडकीपाशी स्टूल, बाजूने पडणारा दिवा, स्पिरिटची बाटली आणि एक फडकं. ओलं केलं की लहरी नाचायला लागतात आणि बघणारा भुलतो. तिथेच तर गोम आहे! लहरी दिसतात म्हणजे आतला धागा नागमोडी. थोडा असला तर चालतो. पण तो तिरका पळत कडेबाहेर गेला, तर ती दांडी एक ना एक दिवस पिळणारच. म्हणून सून आधी तुकड्याची बाजू बघायची, रूप नंतर. दहातले चार देखणे तुकडे ती काढून टाकायची, आणि दर वेळी सासरे असे हळहळायचे की जणू घरातलं सोनंच कुणी गटारात फेकलं.

"हा तुकडा मी पास केलेला नाही," सून म्हणाली.

"हजार तुकड्यांतला हा एक तुला बरा आठवतो!"

"आठवतो. इतकं सुंदर लाकूड नापास करताना माझाच जीव तुटला होता."

"मग हा गोल काय भुताने काढला?" सासऱ्यांचा आवाज चढला. "चूक झाली म्हणावं आणि मोकळं व्हावं. ते नाही. चोराच्या उलट्या बोंबा! उद्यापासून त्या स्टुलावर मी बसणार. तू आईबरोबर तारा ओवत बस."

सुनेचा नवरा पॉलिशच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याने बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि मग हातातल्या ब्रशकडेच बघत राहिला. शाबास रे पठ्ठ्या!

सासूबाई कोपऱ्यात तारा ओवत होत्या. अकरा वर्षांपूर्वी ते स्टूल त्यांचं होतं. मग लागोपाठ दोन गिटारी अशाच पिळून परत आल्या, टाचेखाली सासूबाईंचा गोल घेऊन. "हिची नजर गेली," असं सासऱ्यांनी चारचौघांत जाहीर केलं, आणि त्या मुकाट्याने उठल्या. नजर गेलेल्या या बाई केसाएवढी तार चष्म्याशिवाय ओवत होत्या. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. सुनेलाही नाही.

सून स्टुलावर बसली त्या दिवशी सासूबाईंनी तिच्या हातात एक दाभण दिलं होतं. "नापास तुकड्याला टाचेकडून टोच. चांगलं खोल." सासरे तेव्हा पोट धरून हसले होते. म्हणाले, बघा, आता लाकडाला इंजेक्शन! सुनेलाही ते म्हातारपणाचं खूळच वाटलं होतं. पण मोठ्या माणसाचा शब्द म्हणून तिने तो पाळला.

आता तिने फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं आणि टाच पुसली. ओलं झालेलं लाकूड गडद होतं. सुकलेला सरस होत नाही, त्यात काही मुरतच नाही. गोलाच्या बरोबर मधोमध तिळाएवढा एक ठिपका फिका राहिला.

सुनेने दाभण उचललं आणि ठिपक्यात घातलं. सरस आणि भुसा घोटून बसवलेलं बारीकसं बूच निघून टेबलावर पडलं. खाली भोक होतं, चांगलं खोल.

इतकं बेमालूम बुजवणारा हात त्या कारखान्यात एकच होता. सगळे त्या हाताकडे बघू लागले. सासऱ्यांनी तो पाठीमागे नेला.

"असं लाकूड फेकवत नाही गं," ते पुटपुटले. "वाटलं, टिकेल."

"वाटलं ना तुम्हाला? मग खाली स्वतःचं नाव घालायचं होतं!" सून कडाडली. इतक्या वर्षांत ती त्यांच्यापुढे एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. "हौस तुमची आणि खूण माझी? वर गिऱ्हाइकासमोर मलाच चोर ठरवता? लाज नाही वाटली?"

गिऱ्हाइकाने आपली पिळलेली दांडी हळूच जवळ ओढून घेतली.

सुनेने दाभण खाली ठेवलं, आणि ठेवता ठेवता थबकली. मग कोपऱ्याकडे वळली.

"आई, हे टोचायचं तुम्हाला कसं सुचलं होतं?"

सासूबाईंनी हातातली तार ओवून पुरी केली. मान वर केली आणि सरळ नवऱ्याकडे बघितलं.

"माझ्या वेळी," त्या म्हणाल्या, "मी नापास तुकड्यावर नुसती पेन्सिलीने फुली मारायचे."