नासलेली निळी टाकी

"टाकी हिनेच नासवली," असे म्हणून व्यवस्थापक उपेंद्र यांनी लंकाबाईकडे बोट रोखले.

सातपूरच्या त्या कारखान्यात जिवाणूंकडून कापडाचा निळा रंग करून घेतला जात असे. एरवी हा रंग खनिज तेलापासून करतात व त्यामागे विषारी सांडपाणी उरते. येथे मात्र जनुके बदललेले जिवाणू उसाच्या मळीवर वाढत आणि रंग देत. पहिल्या मोठ्या टाकीवर साऱ्यांची आशा एकवटली होती. ती टाकी निळी होण्याऐवजी आंबली. तपासणीच्या अहवालात दह्यातले जिवाणू निघाले. आणि बारा वर्षे तेथील फरशी पुसणाऱ्या लंकाबाईच्या डब्यात रोज दही-भाकर असे. एवढा पुरावा साहेबांना पुरेसा वाटला.

"साहेब, हा कुठला न्याय?" टाकीवरील कामगार पुंजा संतापाने पुढे झाला. "मावशी डबा फाटकापाशी खातात. प्रयोगशाळेच्या आत त्यांनी कधी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाय. सोमवारी जिवाणूंचं बियाणं टाकीत सोडलं ते वेदिका मॅडमनी. दुसऱ्या कुणाचा हात तिथं लागलाच नाय. विचारा की त्यांना!"

"मॅडम पुण्याहून शिकून आल्यात, पुंजा. तू सातवी नापास."

"सातवी नापासालाही डोळे असतात, साहेब."

मागे कोणीतरी फिसकन हसले. वेदिका मॅडम हसल्या नाहीत. सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या त्या तरुण शास्त्रज्ञ समोरच्या कागदाकडे पाहत राहिल्या. निरपराध स्त्रीच्या तोंडची भाकरी हिरावली जात असता विद्यावंतांनी मौन धरावे, यापरते लांछन कोणते? पुंजा तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेला.

"मॅडम, तुम्ही तरी तोंड उघडा!"

मॅडमचे ओठ हलले. तोच लंकाबाई घाईघाईने म्हणाली, "माझंच चुकलं, साहेब. दह्याच्या हातानं बियाण्याची भांडी विसळली मी. त्यांना काय बी विचारू नका."

उपेंद्रांनी बडतर्फीचा कागद सरकवला. त्यावर साक्षीदार म्हणून मॅडमनी सही केली. मान काही वर केली नाही.

पुंजाने लंकाबाईला फाटकाबाहेर गाठले. त्याचा क्रोध शमला नव्हता.

"मावशी, खोटं का बोललात? त्या बयेची चूक तुम्ही अंगावर घेतली! एक शब्द तरी बोलली का ती तुमच्यासाठी?"

"हळू बोल रे. त्यांची नवी नोकरी हाय."

"अन् तुमची बारा वर्षांची?"

लंकाबाईने पदराने तोंड पुसले.

"सोमवारी लय मोठं काम व्हतं ना. घरून निघताना आमच्या वेदूच्या तळहातावर दही-साखर मीच ठेवली, बाबा. लेकीनं ती चाटली, अन् हात न धुताच पळाली."